आत्याच्या खुर्चीचं माप

पहिली व्हीलचेअर आम्ही वीस मिनिटांत घेतली. आत्याला घरी सोडत होते, बिलाच्या खिडकीवर रांग होती, खाली भाचा गाडी घेऊन थांबला होता. बडोद्यातल्या त्या दवाखान्यासमोरच सर्जिकल वस्तूंचं दुकान. दुकानदाराने विचारलं, "वजन केटलुं?" मी म्हटलं, साठ-बासष्ट असेल. "तो आ चालशे," म्हणत त्याने भिंतीला टेकवलेली एक घडीची खुर्ची उघडून समोर ठेवली. चकचकीत नळ्या, निळं रेक्झिन, मागे-पुढे चारही चाकं लहान. मी ती उचलून पाहिली, डिकीत मावेल का ते विचारलं, मागच्या मुठी धरून दुकानातल्या दुकानात एक फेरी मारली. साडेसहा हजार रुपये दिले आणि निघालो. त्या वीस मिनिटांत मी जे जे तपासलं ते सगळं ढकलणाऱ्याच्या सोयीचं होतं. बसणाऱ्याचं एकही नव्हतं. हे कळायला मला काही महिने लागले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. ३३ वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरापासून शाळेपर्यंत ती सायकलवर जायची; साखळीला तेल तीच द्यायची, हवा तीच भरायची, टायर अंगठ्याने दाबून बघायची सवय तिची अजून गेलेली नाही. निवृत्तीनंतर शनिवार ठरलेला: सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभारलं, त्यातली ही मुख्य लायब्ररी. तिथल्या काचेच्या जमिनीतून उजेड खालच्या मजल्यावर उतरतो, हे तिने आम्हा भावंडांना लहानपणी हात धरून नेऊन दाखवलं होतं.

२०२३ च्या आषाढात एका पहाटे तिची डावी बाजू गेली. वय ७४. वाचा शाबूत, उजवा हात-पाय शाबूत. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

आता त्या पहिल्या खुर्चीबद्दल. मागची चाकं बारा इंचांची, म्हणजे बसलेल्याचा हात त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ही खुर्ची दुसऱ्याने ढकलायची असते. विमानतळावर, दवाखान्याच्या बोळात, लग्नाच्या हॉलमध्ये ती ठीक आहे. तासाभराच्या कामासाठीच ती बनवलेली आहे. आम्ही ती सकाळी सात ते रात्री नऊ वापरली. आत्याला जिथे ठेवू तिथे ती असायची आणि जिकडे तोंड करून ठेवू तिकडे बघायची. एकदा दूध उतू जायला आलं म्हणून माझी बायको तिला बोळातच सोडून गॅसकडे धावली. मग दारावर कुरिअरवाला आला, मग फोन. अर्ध्या तासाने मी पाहिलं तर आत्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. दोन हातांवर पोपडे आलेली भिंत. हाक का नाही मारलीस, विचारलं तर म्हणाली, "तुमची कामं चालली होती ना." वर्गातल्या पन्नास पोरांना एका नजरेत बसवणारी बाई ती.

रात्री तिची हाक ऐकू यावी म्हणून तिच्या खोलीचं दार आम्ही उघडं ठेवायचो. जुनं दार, आपोआप मिटायचं, म्हणून खाली वरवंटा लावून ठेवला होता. तो दिवसाही तिथेच असायचा.

त्याच सुमारास एका नातेवाइकाने प्रेमाने वॉकर आणून दिला. चार पायांचा, ॲल्युमिनियमचा. वॉकर दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवायचा असतो, आणि आत्याचा डावा हात मांडीवर पडून असायचा. अर्धांगाच्या माणसाला बहुतेक वेळा चालत्या हातात चौपायी काठी लागते, तीही मापाची: हात सरळ खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडा वाकलेला राहतो. हे नंतर कळलं. वॉकरवर सध्या टॉवेल वाळतात.

चौथ्या महिन्यात आंघोळ घालताना बायकोला माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. मी घाईने मध्ये भोक असलेली हवेची गोल गादी आणली, मूळव्याधीच्या माणसाला देतात तशी. पाठ-कंबरेच्या व्यायामासाठी घरी येऊ लागलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने ती पहिल्याच दिवशी बाजूला काढली. भोकावरचा भार कडेवर जातो, कडेची कातडी ताणली जाते आणि रक्त आणखी अडतं, असं तिने बोटांनी उशी दाबून दाखवलं. मग तिने खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. रेक्झिन झोळीसारखं लोंबलं होतं. त्या झोळीत बसून आत्या घसरत घसरत माकडहाडावर यायची, आणि आम्ही तिला दर तासाला काखेत हात घालून वर ओढायचो. डाव्या काखेतही. त्या खांद्याचा सांधा आधीच सैल झालेला होता. आमच्या त्या ओढण्याने तिला काय झालं असेल ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मुलगी सयाजीगंजहून यायची, वय पंचवीस-सव्वीस. तिने पर्समधून शिवणाची टेप काढली आणि आत्याला आमच्या लाकडी खुर्चीवर ताठ बसवून मापं घ्यायला लागली. कमरेची रुंदी. कुल्ल्यापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. गुडघ्यामागून टाचेपर्यंत, चप्पल घालून. बैठकीपासून कोपरापर्यंत, बैठकीपासून खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत. आत्या ऐकत होती, मग म्हणाली, "ब्लाउज शिवायचा तर शिंपी तीनदा माप घेतो. जिच्यात दिवसभर बसायचं तिचं माप आजवर कोणी घेतलं नाही."

त्या एका बैठकीत मला जे कळलं ते इथे सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

बैठकीची रुंदी कमरेएवढी किंवा अगदी थोडी जास्त. आपल्याकडे सरसकट अठरा इंची मिळते. आत्याला सोळा हवी होती. जास्त रुंद खुर्चीत माणूस एका कुशीवर कलतो, आणि अर्धांगाचा माणूस तर नेहमी पडक्या बाजूला. बैठक पुढे-मागे किती खोल हवी, त्याचं माप असं की मागे टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. कड टोचली की माणूस पुढे सरकतो, आणि सरकलं की पुन्हा माकडहाडावर. पायटेकण फार वर असेल तर गुडघे वर येतात आणि मांडीचा भार निघून सगळं वजन बुडावर जातं. फार खाली असेल तर पाय लोंबतात. खुर्चीची पाठ खांद्याच्या पात्यांच्या खाली संपली तर हात चाकाकडे मोकळे जातात, पण ज्याला धड सावरता येत नाही त्याला उंच पाठ लागते. एका मापाची चूक दुसऱ्या ठिकाणी दुखते. माकडहाडाचा डाग होता, आणि त्याचं एक मूळ निघालं पार पुढे, बैठकीच्या कडेशी.

एवढं झाल्यावर मुलीने टेप गुंडाळली आणि आत्याला विचारलं, "मासी, तमारे क्यां क्यां जवुं छे?" तुम्हाला कुठे कुठे जायचंय?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. बायकोने माझा हात दाबला. आत्या बराच वेळ गप्प होती. मग उजव्या हाताची बोटं मोडत म्हणाली: रस्त्याकडच्या खिडकीशी. देवघरात. न्हाणीत. संध्याकाळी ओट्यावर. आणि जमलं तर सुरसागरला एकदा. महाशिवरात्रीला सुरसागर तळ्याच्या मधल्या १११ फुटी महादेवाची महाआरती ती कधी चुकवायची नाही.

खुर्ची त्या यादीवरून ठरली.

पहिल्या चार जागा घरातल्या होत्या, आणि तिथे तिला स्वतः जायचं होतं. एक हात आणि एक पाय चालत असेल तर माणूस व्हीलचेअर स्वतः चालवू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. उजव्या हाताने चाकाची कडी लोटायची आणि उजव्या पायाने जमिनीवर टाच रोवून खुर्ची पुढे ओढायची. दिशाही पायच देतो. नुसत्या एका हाताने लोटलं तर खुर्ची गोल फिरते. पण त्यासाठी पाऊल जमिनीला पुरतं टेकलं पाहिजे, आणि नेहमीच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून एकोणीस-वीस इंचांवर असते. आत्या आमच्या घरात उंच, तरी चपलेसकट तिचं गुडघ्याखालचं माप सतरा इंच. वर गादी ठेवली की उंची आणखी वाढणार. म्हणजे बैठक खाली आली पाहिजे, त्या बाजूची पायटेकण काढता आली पाहिजे, आणि मागची चाकं मोठी, हाताला येणारी.

इथे न्यू जर्सीच्या भावाचा फोन आला. मोटरची घे, पैसे मी पाठवतो. त्याचं मन मोठं आहे, आणि ज्याच्या दोन्ही हातांत जोर नाही किंवा ज्याला रोज लांब जायचं आहे त्याच्यासाठी मोटर हाच रस्ता. पण शिशाच्या बॅटरीची खुर्ची चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते आणि आमच्या ओट्याला तीन पायऱ्या. ती खुर्ची घरातच अडकली असती. शिवाय मुलगी म्हणाली की तिचा चालता पाय रोज जमिनीला लागू दे, तोही व्यायामच आहे. मी आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीच्या मापाबरहुकूम बनणाऱ्या खुर्च्यांचीही चौकशी केली. दोन्ही हात धड असलेल्या, कामाला बाहेर पडणाऱ्या तरुण माणसाला मी डोळे मिटून तीच सांगेन.

त्या दिवसांत मी रात्री जागून या खुर्चीचा इतिहास वाचत असे. बैठकीखाली फुलीसारख्या दोन नळ्या असतात ना, ज्यांच्यामुळे खुर्ची मिटते, ती रचना १९३३ ची, अमेरिकेतल्या हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन इंजिनियर मित्रांची. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात कायमचा अपंग झालेला होता. तेव्हाच्या खुर्च्या लाकडी, अवजड. त्याला मोटारीत घालून नेता येईल अशी हवी होती, म्हणून मित्राबरोबर त्याने ती बनवली. म्हणजे ज्या खुर्चीची नक्कल आज गल्लोगल्ली विकली जाते ती मुळात एका माणसाची, त्याच्या मोटारीच्या मापाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या आहेत: तपासणी, निवड, जोडणी, बसवून पाहणं, चालवायला शिकवणं, नंतरची देखभाल वगैरे. आम्ही त्यातली फक्त पैसे भरून खुर्ची आणण्याची पायरी केली होती.

दुसरी खुर्ची घ्यायला आम्ही आत्याला घेऊन गेलो. हे मी ठासून सांगतो: बसणाऱ्याला न्या. पाय घालायचा तो दुकानात नाही आणि चप्पल आपण आणतोय, असं आपण कधी करतो का? आत्या चार खुर्च्यांत बसली, प्रत्येकीत दहा-दहा मिनिटं. तिसरीची टायरं तिने अंगठ्याने दाबली आणि म्हणाली, "भरीव आहेत." दुकानदार म्हणाला, पंक्चरची कटकट नाही. ती म्हणाली, "आमच्या घरात शहाबादी लाद्या, बाहेर दगड. भरीव चाकाने हाडं खिळखिळी होतील. पंक्चर काढणारा माझ्या गल्लीत आहे." तिचं खरं होतं. हवेच्या मोठ्या चाकाची ट्यूब सायकलवाल्याकडे मिळते. ज्या खुर्चीचा सुटा भाग गावात मिळत नाही ती बिघडली की माळ्यावरच जायची.

घेतली ती ॲल्युमिनियमची, साधारण चौदा किलोंची, सोळा इंची. मागच्या चाकाच्या आसासाठी फ्रेमला एकाखाली एक भोकं असलेली, म्हणजे आस वरच्या भोकात घातला की बैठक खाली उतरते. पुढची चाकंही त्या हिशेबाने लहान घेतली. हातटेकण्या निघणाऱ्या, कारण पलंगावर सरकताना मधे दांडी नको. पायटेकण्या बाजूला वळून निघणाऱ्या. १९ हजार रुपये. तरी बैठक साडेसतरा इंचांवरच आली. मग मुलीच्या सांगण्यावरून आमच्या ओळखीच्या सुताराने प्लायवूडची फळी कापली, फॅब्रिकेशनवाल्याने तिला चार आकडे करून दिले, आणि बाजूच्या नळ्यांवर ती दीड इंच खाली लटकवली. झोळी गेली, सपाट बैठक आली. वर चांगल्या फोमची गादी, दबल्यावर इंचभर. सतरा. गादी पुरते का हे पाहायची रीत अशी: माणूस बसला की गादीखाली तळहात सरकवायचा आणि बसायची हाडं चाचपायची. हाड हातावर टेकलं तर गादी गेली. मी दर महिन्याला पाहतो. आणि गादी कितीही चांगली असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकायचं, उजवीकडे कलायचं, भार हलवायचा. आत्या ते घड्याळ बघून करते, तासाची घंटा पाळावी तसं.

डाव्या ब्रेकपर्यंत तिचा उजवा हात पोचत नव्हता. दांडीवर सायकलच्या हँडलची मूठ आणि वीतभर पाइप चढवला. पोचला. डाव्या हातासाठी हातटेकणीवर खोलगट उशी बांधली, तो लोंबून खांदा ओढला जाऊ नये म्हणून.

घराचं सांगायचं तर, खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा सात-आठ इंच जास्त धरायची. न्हाणीच्या चौकटीत मोकळी जागा पंचवीस इंच. अठरा इंची खुर्ची तिथे अडली असती, सोळा इंची इंचभर राखून जाते. दाराची फळी काढून जाड पडदा लावला. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत दार ९०० मिलिमीटर मोकळं हवं म्हटलंय, जुन्या घरांना ते कुठून जमणार. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. ओट्याच्या तीन पायऱ्या मिळून एकवीस इंच उंच. एक इंचाला एक फूट या हिशेबाने उताराला एकवीस फूट लागतील, आणि आमची गल्लीच तेवढी रुंद नाही. तेव्हा तिथे दोन माणसं. चढवताना पाठ घराकडे, मोठी चाकं पायरीला टेकवून मागे ओढायचं, पुढच्याने फ्रेमची नळी धरायची. हातटेकण धरू नये, ती निघून हातात येते. शेजारचे देसाई-पटेल आता न सांगता येतात.

सरकारी मदतीचं थोडक्यात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून, आणि दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना वयोश्री योजनेतून साधनं मिळतात. १९७२ साली स्थापन झालेली कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी या कामात आहे. शिबिरातही माप मागा. अजून एक: पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने शरीर भराभर बदलतं. त्या काळासाठी खुर्ची भाड्याने किंवा एखाद्या संस्थेकडून आणा. शरीर थोडं स्थिरावलं की मग आपली घ्या.

खुर्ची घरी आली त्या आठवड्यात आत्या रोज देवघरापर्यंत निघायची आणि बोळात डावीकडे भिंतीला धडकायची. मी मुठी धरायला धावलो की मुलगी मला नजरेने थांबवायची. "थोडी आगळ झुको, मासी. एडी." टाच. अंग थोडं पुढे, टाच लादीवर रोवली, गुडघा वाकवला, खुर्ची हातभर पुढे. पुन्हा टाच. लादीवर चपलेचा टक् आणि मागून चाकाचा सर्र. दहाव्या-बाराव्या दिवशी ती देवघरात पोचली आणि काही न बोलता निरांजनातली वात उजव्या हाताने पुढे सारली.

आता ती खिडकीशी असते, भाजी निवडायला स्वयंपाकघरात असते, मधेच कुठे असते ते आम्हाला शोधावं लागतं. महिन्यातून एकदा मी खुर्ची आडवी करून पुढच्या चाकांच्या आसात गुंडाळलेले केस आणि दोऱ्याची टोकं लहान कात्रीने काढतो. ते साचले की चाक जड होतं आणि तिची टाच दुखते. मागची चाकं ती स्वतः अंगठ्याने दाबून बघते आणि हवा कमी असली तर मला सांगते. या महाशिवरात्रीला सुरसागरला गेलो. पेव्हरच्या फटींत पुढची चाकं दोनदा अडकली, गर्दीत लोकांनी उचलून वाट करून दिली, आणि आरती सुरू झाल्यावर तिने स्वतः ब्रेक लावले. दोन्ही.

परवा दुपारी मी चहाचं विचारायला तिच्या खोलीकडे गेलो. दार लावलेलं होतं. इतक्या महिन्यांत मी ते दार लावलेलं पाहिलं नव्हतं. वरवंटा बोळात भिंतीशी सरकलेला होता, टाचेने ढकलावा तसा तिरका. आतून पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. मी दारावर टकटक केलं.

"थांब," आत्या म्हणाली.

मी थांबलो.